फुकट ब्लेंडर का पेड टूल? बाजेवर मांडी घालून बसणारा अवतार बनवता बनवता ठरवा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं मला नेहमी एकच विचारतात, भाऊ सेकंड लाइफसाठी नाहीतर रोब्लॉक्ससाठी ॲनिमेशन बनवायचंय, फुकटवालं सॉफ्टवेअर चालेल का पैसे टाकू? (ही इंटरनेटवरची जगं आहेत, तिथे आपला अवतार म्हणजे आपली थ्रीडी बाहुली फिरते.) आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा अजून एकही ॲनिमेशन शेवटपर्यंत नेलेलं नसतं. म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला घाई आहे त्याला पुढचं नाही वाचलं तरी चालेल. पहिलं ॲनिमेशन फुकटात बनवा, अर्धवट नाही, अपलोड होऊन अवतार हलेपर्यंत. बनवताना बाजूला वही ठेवा आणि कोणत्या कामाला किती तास गेले ते लिहा. मग जे काम सगळ्यात जास्त तास खातं, फक्त त्या कामासाठी पैसे द्या.

हे नुसतं बोलून पटत नाही म्हणून एक खरं काम घेऊन सांगतो. मला सेकंड लाइफमध्ये बाज बनवायची होती, आपल्याकडे अंगणात टाकतात तशी सुतळीने विणलेली. बाज बनली, पण तिच्यावर बसायचं ॲनिमेशन कुठे मिळेना. सोफ्यावर पायावर पाय टाकून बसलेले हवे तेवढे, मांडीच्या नावाने जे मला सापडलं ते सगळं योगासन, पाठ ताठ, हात गुडघ्यावर. दिवसभर केळीच्या बागेत राबून आलेला माणूस बाजेवर असा बसतो का हो? तर ते मीच बनवलं, आणि खाली सगळ्या पायऱ्या त्याच कामाच्या आहेत.

आधी ठरवा, ॲनिमेशन कुठे चालणार आहे

सॉफ्टवेअरचा विचार ह्याच्या नंतर, कारण प्रत्येक जगाचा दरवाजा वेगळा आहे.

सेकंड लाइफ २००३ पासून चालू आहे आणि तिथे हाडांची हालचाल लिहिलेल्या दोन प्रकारच्या फाइली चालतात, बीव्हीएच नाहीतर ॲनिम. एक ॲनिमेशन जास्तीत जास्त ६० सेकंदांचं, आणि साध्या खात्यावर प्रत्येक अपलोडला १० लिंडन डॉलर, म्हणजे आपले तीन-चार रुपये. ओपनसिम म्हणजे सेकंड लाइफसारखं जग चालवणारं फुकट सॉफ्टवेअर, त्यात फाइली त्याच, पण ते स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवता येतं आणि तिथे अपलोडला काहीच लागत नाही, शिकणाऱ्यासाठी फार मोठी सोय आहे ही.

रोब्लॉक्सचं सोपं आहे. रोब्लॉक्स स्टुडिओ फुकट, त्यातच ॲनिमेशन एडिटर येतो, आर १५ म्हणजे १५ भागांचा सांगाडा आणि आर ६ म्हणजे ६ भागांचा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, ॲनिमेशन ज्याच्या खात्यावर किंवा ज्या ग्रुपवर चढवलंय सहसा त्याच्याच गेममध्ये ते चालतं. मित्राच्या गेमसाठी तुमच्या खात्यावर चढवलं तर त्याचं कॅरेक्टर ढिम्म हलणार नाही, आणि तुम्ही रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसाल.

व्हीआरचॅट हे जग युनिटी ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर उभं आहे, सध्या युनिटी २०२२ लागतं, युनिटीचा पर्सनल प्लॅन फुकट आहे, ब्लेंडर ह्या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमधून एफबीएक्स प्रकारची फाइल काढायची आणि युनिटीच्या ॲनिमेटरमध्ये जोडायची. ह्या दोन्ही जगांत एक रुपया न घालता शेवटपर्यंत जाता येतं, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहीत नाही. फुकट का पेड हा प्रश्न खरा चावतो तो सेकंड लाइफमध्येच.

मशीन बघून घ्या

ब्लेंडर ४ च्या पुढच्या व्हर्जनना कमीत कमी ८ जीबी रॅम आणि २ जीबीचं ग्राफिक्स लागतं. नुसता सांगाडा हलवायचा असेल तर एवढ्यात छान भागतं, मोठमोठे सीन रेंडर करायचे नाहीयेत आपल्याला. एलटीएस लिहिलेलं व्हर्जन घ्या, त्याला दोन वर्षं दुरुस्त्या मिळत राहतात आणि शिकता शिकता बटणं जागा बदलत नाहीत. डाउनलोड फक्त ब्लेंडरच्या स्वतःच्या साइटवरून.

आपल्याकडे लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही, डेस्कटॉप असेल तर यूपीएसला पैसे घाला, माझ्या हिशोबाने कोणत्याही पेड सॉफ्टवेअरच्या आधी यूपीएस. ब्लेंडर दर दोन मिनिटांनी आपोआप एक कॉपी ठेवतो पण ती टेम्प फोल्डरमध्ये असते, तिच्यावर विसंबू नका, प्रत्येक मोठ्या बदलानंतर नवीन नंबर टाकून सेव्ह करा, बाज_०१, बाज_०२ असं. आणि एप्रिल-मे मध्ये भुसावळचा पारा ४५ ला टेकतो तेव्हा दुपारी लॅपटॉप स्वतःच हळू होतो, तो बिघडलेला नसतो. मी त्या दिवसांत काम पहाटे करतो.

फुकटात काय मिळतं, पैशात काय मिळतं

ब्लेंडर हा फुकट आहे म्हणून कच्चा आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. २००२ साली लोकांनी वर्गणी करून १ लाख युरो जमवले आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी मोकळा केला, तेव्हापासून तो मोकळाच आहे. २०२५ ला ऑस्कर मिळालेली लॅटव्हियाची ॲनिमेशन फिल्म ब्लेंडरमध्येच बनली. आणि त्यात बनवलेलं काम पूर्ण तुमचं, विका, वाटा, कोणाला काही द्यायचं नाही.

क्यूॲव्हिमेटर म्हणून एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, फक्त सेकंड लाइफच्या बीव्हीएचसाठीच बनवलेलं. जुनं आहे, बोटांची आणि चेहऱ्याची हाडं त्यात नाहीत, पण उभं राहणं, हात हलवणं असलं शिकायला एका संध्याकाळचं काम. डॅझ स्टुडिओ पण फुकट, त्याचे कपडे-कॅरेक्टर मात्र बरेचसे विकतचे.

मिक्सामो ॲडोबीचं आहे, फुकट खातं उघडलं की शेकडो तयार हालचाली. आणि कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीने २६०५ मोशन कॅप्चर, म्हणजे खऱ्या माणसाच्या टिपलेल्या हालचालींची, रेकॉर्डिंग मोकळी ठेवलीयेत, चालणं, पळणं, नाचणं सगळं. पण दोन्हीकडे एक अट आहे, तुमच्या मोठ्या कामात वापरा, विकायच्या वस्तूत घाला, पण ती हालचाल जशीच्या तशी सुटी विकू नका. सेकंड लाइफच्या मार्केटवर सुटं ॲनिमेशन विकणं म्हणजे नेमकं तेच होतं. शिकायला बिनधास्त वापरा, दुकानात ठेवायला स्वतःचं बनवा.

पेडमध्ये माया सगळ्यात मोठं नाव, अमेरिकेत वर्षाला दीड हजार डॉलरच्या वर जातं. विद्यार्थ्यांना फुकट मिळतं पण ते शिकण्यापुरतं, त्यात बनवलेलं विकायचं नाही. अवतार बसवायला माया लागत नाही हे मी स्पष्ट सांगतो. पोझर १९९५ पासून आहे आणि सेकंड लाइफच्या बीव्हीएचमधली हाडांची नावं त्याच्याकडूनच आली, पण आज नवीन माणसाने त्याच्यावर पैसे घालावेत असं मला वाटत नाही. कॅस्केडर वेगळ्या वाटेने जातो, उडी, पडणं, मारामारी असल्या हालचालींत वजन कुठे पडतं ते तो स्वतः सांभाळतो. त्याचा फुकट प्लॅन आहे पण मर्यादा बदलत राहतात, त्या दिवशीच्या अटी वाचूनच घ्या. आणि अव्हास्टार, बेंटो बडी हे ब्लेंडरच्या आत बसणारे पेड ॲड-ऑन, खास सेकंड लाइफसाठी. ह्यांच्याबद्दल पुढे सांगतो कारण माझे पैसे शेवटी तिथेच गेले.

क्रॅक कॉपीच्या वाटेला जाऊ नका. मी पहिल्यांदा शिकलो त्या क्लासमध्ये सगळ्या मशीनवर क्रॅकच होतं, एक दिवस व्हायरस शिरला आणि आम्हा सगळ्यांच्या प्रोजेक्ट फाइली गेल्या, चार महिन्यांचं काम. ते दुःख अजून आहे.

पायरी १: खरा माणूस बघा आणि शूट करा

ही पायरी लोक सोडून देतात आणि माझ्या मते निम्मं ॲनिमेशन इथेच बनतं. मी आबांना सांगितलं, बाजेवर बसा, मी मोबाइलवर घेतो. माय ओट्यावरून विचारतेय, हाई काय करी ऱ्हायना रे? तिला समजावलं तर म्हणाली मग नीट घे, थकल्यासारखा बसू दे त्याले.

मोबाइल वीट लावून एकदा समोरून, एकदा बाजूने, कमरेच्या उंचीवर, सेकंदाला ३० फ्रेमवर. हातात धरून शूट करू नका. आबा सात-आठ वेळा बसले, आणि मग मला जे दिसलं ते मी डोक्यातून कधीच काढू शकलो नसतो. आधी उजवा हात बाजेच्या ईसवर टेकतो, ईस म्हणजे बाजेची लांब लाकडी बाजू, वजन त्या हातावर जातं, मग कंबर खाली जाते आणि सुतळीच्या झोळात चार बोटं आणखी रुतते. कंबर रुतली म्हणून गुडघे वर राहतात, जमिनीवरच्या मांडीसारखे सपाट पडत नाहीत. एक पाय आधी ओढला जातो, दुसरा त्याच्या खाली सरकवला जातो. मग पाठ गोल होते, खांदे उतरतात, आणि मगच श्वास सुटतो. ही शेवटची गोष्ट, खांदे उतरल्यावर सुटणारा श्वास, ह्याच्यानेच बघणाऱ्याला कळतं की माणूस दमून आलाय.

लग्नात वरातीपुढचा नाच घ्यायचा असेल तरी हेच करा, फक्त ज्याला शूट करताय त्याला आधी विचारा.

पायरी २: सांगाडा आणि फ्रेम रेट

सेकंड लाइफच्या विकीवर अवतारच्या सांगाड्याच्या फाइली फुकट आहेत. २०१६ च्या शेवटी बेंटो म्हणजे वाढीव हाडांचा सांगाडा आला तेव्हापासून बोटं, चेहरा, शेपटी, पंख ह्यांची हाडं पण त्यात मिळतात. फाइल उघडली की पहिलं काम, ब्लेंडरचा फ्रेम रेट मुळात २४ असतो तो ३० करा, नाहीतर व्हिडिओ आणि ॲनिमेशन जुळणार नाही. मग आबांचा व्हिडिओ बॅकग्राउंडला लावा.

पायरी ३: पहिली फ्रेम सोडा

बीव्हीएचचं हे सगळ्यात महत्त्वाचं. सेकंड लाइफ पहिली फ्रेम दाखवतच नाही, ती फक्त तुलनेसाठी घेतो. पहिल्या फ्रेमपासून जे हाड पूर्ण ॲनिमेशनमध्ये जरासुद्धा हललं नाही ते हाड तो सोडून देतो, दुसऱ्या ॲनिमेशनसाठी मोकळं ठेवतो. म्हणजे बघा, नुसता राम राम करायला उजवा हात वर करायचाय, तर फक्त तो हात हलवा, बाकी सगळं पहिल्या फ्रेमसारखंच ठेवा, मग अवतार चालता चालता पण राम राम करेल. बसण्यात उलटं आहे, सगळी हाडं आपल्या ताब्यात पाहिजेत, म्हणून पहिल्या फ्रेमला हात पसरलेली टी पोज आणि दुसऱ्या फ्रेमपासून खरं काम, ज्यात प्रत्येक हाड थोडं तरी फिरलेलं असेल.

पायरी ४: पोज, मग वेळ, मग श्वास

आधी फक्त मुख्य पोज लावा, कीफ्रेम (ज्या फ्रेमवर पोज नोंदवली ती) कॉन्स्टंटवर ठेवा म्हणजे अवतार एका पोजवरून दुसरीवर टुणकन जाईल. हे दिसायला वाईट दिसतं पण वेळ बरोबर आहे का ते इथेच कळतं. बरोबर वाटलं की बेझियर करा, म्हणजे मधली हालचाल सलग होईल, आणि ग्राफ एडिटरमध्ये वळणं नीट करा.

पायांना आयके लावलं तर मांडी घालणं फार सोपं जातं, पाऊल ओढलं की गुडघा स्वतः वळतो. पण आयकेचं टार्गेट म्हणून सांगाड्यात नवीन हाड टाकू नका, एम्प्टी, म्हणजे ब्लेंडरमधली नुसती रिकामी खूण, वापरा. नवीन हाड टाकलं तर ते बीव्हीएचमध्ये जातं आणि अपलोड करताना सेकंड लाइफ म्हणतो हे हाड मला माहीत नाही. माझे पूर्ण दोन दिवस ह्यात गेले.

बसून झाल्यावर जो लूप, म्हणजे परत परत फिरणारा भाग, चालतो त्याचा हिशोब असा लावा. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १५ श्वास घेतो, म्हणजे एक श्वास ४ सेकंदांचा, १२० फ्रेमचा. मी लूप १२ सेकंदांचा ठेवला, ३६० फ्रेम, त्यात तीन श्वास. मान हलते ती ६ सेकंदांत एकदा, म्हणजे लूपमध्ये दोनदा. सगळ्या आकड्यांनी ३६० ला पूर्ण भाग जातो म्हणून लूप जोडला जातो तिथे झटका बसत नाही. श्वास फक्त छातीच्या हाडाला, अगदी एक-दोन अंशांचा, खांदे त्याच्यामागून चार-पाच फ्रेम उशिरा. तीन श्वास एकसारखे ठेवू नका, मधला जरा खोल करा.

पायरी ५: एक्स्पोर्ट

ब्लेंडरमध्ये बीव्हीएच एक्स्पोर्ट आधीच असतो, बंद असेल तर प्रेफरन्समध्ये ॲड-ऑनमधून चालू करा. एक्स्पोर्टच्या वेळी फक्त मूळ हाडालाच सरकण्याची परवानगी, म्हणजे रूट ट्रान्सलेशन ओन्ली, हे टिक करा. सुरुवातीची फ्रेम १ आणि शेवटची बरोबर भरा. फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, ती साधा मजकूरच असते, वर हाडांची यादी, खाली आकडे, आणि फ्रेम टाइम ०.०३३३ च्या आसपास दिसला पाहिजे, तो ३० चा आकडा आहे.

अवतार जमिनीवर आडवा पडला किंवा हात पाठीत घुसले तर घाबरू नका, अक्षांचा घोळ असतो, ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेड आणि बीव्हीएचमध्ये सहसा वाय. सांगाडा फिरवून, रोटेशन अप्लाय करून परत काढा. आणि प्रत्येक प्रयोगाला नवीन नाव द्या, काय बदललं ते वहीत लिहा, नाहीतर दहाव्या प्रयत्नाला आपण कुठे होतो तेच कळत नाही.

पायरी ६: फुकटात टेस्ट

सरळ मेन ग्रिडवर, म्हणजे खऱ्या चालू सेकंड लाइफवर, चढवू नका. ओपनसिममध्ये करा, नाहीतर सेकंड लाइफच्या अदिती ह्या टेस्ट ग्रिडवर, तिथे खोटे लिंडन असतात. अपलोडच्या खिडकीत प्रायॉरिटी ४ ठेवा म्हणजे नेहमीचं उभं राहण्याचं ॲनिमेशन मधे घुसणार नाही, लूप टिक करा, आणि इन-आउटच्या टक्क्यांत बसण्याचा भाग सोडून फक्त श्वासाचा भाग लूपमध्ये घ्या. ईझ इन, म्हणजे ॲनिमेशनमध्ये हळूहळू शिरायचा वेळ, अर्ध्या सेकंदाच्या आसपास.

आता वही उघडा

माझ्या वहीत पहिल्या बाजेला ३१ तास लागलेले होते. शूट आणि बघणं ३, पोज आणि वेळ ९, श्वास आणि लूप ४, आणि उरलेले १५ तास एक्स्पोर्ट आणि अपलोडच्या भानगडीत. म्हणजे ॲनिमेशन मला ब्लेंडरमध्ये जमत होतं, महागडं सॉफ्टवेअर घेऊन पोज काही चांगली झाली नसती. माझे तास दरवाजावर जात होते. म्हणून मी पैसे दिले ते अव्हास्टारला. त्यात सांगाडा तयार, हातापायाचे कंट्रोल तयार, आणि ॲनिम फाइल थेट निघते, त्यात प्रायॉरिटी पण फाइलमध्येच भरता येते. दुसऱ्या बाजेला एक्स्पोर्टचे १५ तास होते ते दीडवर आले.

तुमची वही वेगळं सांगेल. पोजमध्ये तास जात असतील तर पैसे देऊ नका, शूट जास्त करा. उड्या आणि फायटिंगमध्ये वजन जमत नसेल तर कॅस्केडर बघा. नाचाची लांबलचक ॲनिमेशन करायची असतील तर व्हिडिओवरून मोशन काढणारी टूल्स आहेत, रोकोकोचं एका कॅमेऱ्याचं फुकट वापरून बघा, त्यात पाय जमिनीवर घसरतात, ते साफ करायचा वेळ धरूनच हिशोब करा. महिन्याला एखादंच ॲनिमेशन बनत असेल तर काहीच विकत घेऊ नका, खरंच सांगतो.

विकत घेताना चार गोष्टी. ॲड-ऑन ब्लेंडरच्या कोणत्या व्हर्जनवर चालतो ते आधी बघा, तुमचं व्हर्जन नवीन असेल तर तो बसणारच नाही. डेबिट कार्डवर परदेशी पेमेंट बँकेच्या ॲपमधून चालू करावं लागतं, २०२० नंतरच्या नवीन कार्डांवर ते मुळात बंद असतं, काम झालं की परत बंद करा. आणि डॉलरच्या किमतीवर बँक वरून मार्कअप आणि जीएसटी लावते, तेवढं धरून चाला. महिन्याचं सबस्क्रिप्शन असेल तर घेतलं त्याच दिवशी ऑटो रिन्यू बंद करा.

शेवटचं काम, बाजेत बसवणं

ॲनिमेशन चढलं म्हणजे झालं नाही. बाजेत ते बसवायला एव्हीसिटर ही स्क्रिप्ट वापरा, आधी ती विकत मिळायची, आता ओपन सोर्स आहे. बाजेच्या आत स्क्रिप्ट, ॲनिमेशन आणि एव्हीपॉस नावाची नोटकार्ड टाकायची, बसून जागा ॲडजस्ट करायची आणि आकडे नोटकार्डमध्ये सेव्ह करायचे. कमीत कमी तीन वेगवेगळ्या उंचीच्या बॉडीवर बसून बघा, एक बुटकी, एक मधली, एक उंच. माझ्या मधल्या बॉडीवर कंबर सुतळीत बरोबर रुतली होती, उंच बॉडीवर ती हवेत राहिली, म्हणून मी जागा मधल्यापेक्षा दोन सेंटिमीटर खाली घेतली आणि सुतळीचा झोळच थोडा खोल केला, आता तिन्ही बसतात.

आबांना दाखवलं. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, उजवा हात अजून जरा मागे टेकव. बाज_४३ मध्ये तो मागे घेतलाय.